गोदीवरून घरी आल्यावर

काका गोदीतून घरी आला की आधी मोरीत जाऊन हात धुवायचा. साबणाने न निघणारं काळं तो रॉकेलच्या बोळ्याने काढायचा आणि मग पुन्हा साबण लावायचा. काकू चहाचं आधण ठेवायची. तोवर तो पत्र्याच्या डबीतून एक पत्ती काढून ओठांत धरायचा. क्लॅरिनेटच्या रीडला तो पत्तीच म्हणायचा. बोरूसारख्या पोकळ गवताच्या कांडीतून तासून काढलेली ती बोटभर पट्टी कोरडी असली तर बोलत नाही, तिला आधी भिजवावी लागते. ती पाच-सात मिनिटं काकाला काही विचारायचं नाही, हे आम्हा मुलांना कुणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं.

मग तो आमच्या काळाचौकीच्या चाळीत गॅलरीच्या टोकाला, जिन्याच्या कठड्याशी उभा राहून वाजवायचा. दिवसभर आकड्याने पोती ओढलेले हात. त्या हातांची बोटं भोकांवर इतकी हलकी पडायची की मला लहानपणी वाटे, गोदीत जाणारा काका वेगळा आणि हा वेगळा. लगीनसराईत तो एका बँडबरोबर जायचा. सुपारी मिळाली की पाळी बदलून घ्यायची, लाल कोट ट्रंकेतून काढून झटकायचा आणि वरातीपुढे तीन-चार तास चालत वाजवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गोदी.

काकाला जाऊन सहा वर्षं झाली. त्याचं क्लॅरिनेट माझ्याकडे आलं. लाकूड सुकून चिरू नये म्हणून त्याला कोणतं तेल लावायचं, हे एका रात्री मी मोबाइलवर शोधत बसले होते आणि एका जुन्या रेकॉर्डिंगपाशी येऊन थांबले. बँजोचा एकसारखा ठेका, खाली डबल बास म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, आणि वर एक क्लॅरिनेट. तीनच माणसं. क्लॅरिनेटवाल्याचं नाव जॉर्ज लुईस, गाव अमेरिकेतलं न्यू ऑर्लीन्स, साल १९४४. पहिली ओळ संपायच्या आतच मी मोबाइल उशीवर ठेवला आणि डोळे मिटले. हा माणूस कठड्याशी उभा राहून वाजवतोय, असंच मला वाटलं.

तेव्हापासून मी त्याचा पिच्छा पुरवते आहे.

जॉर्ज लुईस १३ जुलै १९०० रोजी न्यू ऑर्लीन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये जन्मला. त्याच शहरात वर्षभरानंतर पुढे जगप्रसिद्ध झालेला जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग जन्मला. जॉर्जची आई अ‍ॅलिस झेनो लोकांच्या घरची कामं करायची. तिच्या घराण्यातली एक बाई गुलाम म्हणून सेनेगलहून आणलेली होती आणि तिकडच्या भाषेतले काही शब्द पिढ्यापिढ्यांतून अ‍ॅलिसपर्यंत येऊन पोचले होते. जॉर्ज लहान असताना आईने त्याला खेळण्यातलं व्हायोलिन आणायला पंचवीस सेंट दिले, दुकानात व्हायोलिन उरलं नव्हतं, म्हणून पोरगं छोटी बासरी घेऊन आलं, असं सांगतात. फुंकून वाजवण्याशी त्याची गाठ अशी पडली. सोळा-सतरा वर्षांचा झाल्यावर त्याने चार डॉलरला क्लॅरिनेट घेतलं. गुरू नाही, नोटेशन नाही. शेवटपर्यंत त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती.

त्या शहरात क्लॅरिनेट शिकायचं तर चांगली सोय होती. क्रिओल, म्हणजे युरोपी-आफ्रिकी मिश्र वंशाच्या, घराण्यांतले उस्ताद होते, लोरेंझो टिओसारखे, ज्यांच्या हाताखालून जिमी नून, बार्नी बिगार्ड असे पुढे गाजलेले वादक तयार झाले. ती तालीम घेतलेल्यांचा हात सफाईदार, सूर काचेसारखा स्वच्छ. लुईस त्या रांगेतला नव्हे. तो मिरवणुकींच्या मागे चालत, नाचाच्या हॉलबाहेर उभा राहून कानाने शिकला. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण त्याचं वाजवणं ऐकताना ते लगेच कळतं. कुठे सूर किंचित उतरतो, कुठे चढतो, कधी पत्ती चिरकते. ज्यांना हे खपत नाही त्यांनी नूनकडे जावं, तोही थोर वादक. मी मात्र लुईसकडेच परत येते.

न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या जॅझमध्ये क्लॅरिनेटचं काम काय असतं हे थोडं सांगायला हवं. पुढच्या रांगेत तीन वाद्यं. कॉर्नेट किंवा ट्रंपेट गाण्याची मूळ चाल धरून चालतो. ट्रॉम्बोन खालून, लांब ओढलेल्या सुरांनी त्याला आधार देतो. आणि क्लॅरिनेट या दोघांच्या मधून-वरून वेलीसारखं फिरत राहतं. तिघं एकाच वेळी वाजवतात, कुणीही लिहिलेलं वाजवत नाही, आणि तरी एकमेकांच्या पायात पाय अडकत नाहीत. चालीत श्वासाएवढी जागा पडली की क्लॅरिनेट ती भरतं, चाल पुन्हा सुरू झाली की ते बाजूला होतं. आपल्याकडे साथसंगत म्हणतात ती जात आहे ही. फरक इतकाच की इथे तिघंही एकमेकांची साथ करत असतात आणि गवई कुणीच नसतो.

आणखी एक बारीक गोष्ट. क्लॅरिनेटच्या बऱ्याच भोकांवर बोट थेट टेकतं. बोट एकदम न उचलता हळूच घसरवत काढलं की सूर मींडेसारखा सरकत जातो. न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या वादकांचा ओढा कळांच्या जुन्या रचनेकडे होता. तिला अल्बर्ट सिस्टिम म्हणतात. तिच्यात कळा कमी, भोकं मोठी, आवाज रुंद आणि लाकडी. नव्या बोहम रचनेत भराभर वाजवणं सोपं जातं, पण ही जुनी रचना ज्यांच्या बोटांत बसली होती त्यांना तिचा तो भरदार आवाज सोडवत नव्हता. काकाचं क्लॅरिनेटही जुन्याच रचनेचं आहे. मी ते दुरुस्तीला नेलं तेव्हा दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "यावर पोरी रडवता येतात ताई." म्हणजे काय ते मला विचारावं लागलं नाही. काकाने मुलीच्या पाठवणीला वाजवलेलं मी ऐकलेलं होतं.

विसाच्या दशकात लुईस ज्यांच्याबरोबर वाजवत होता ती नावं वाचताना मन हळहळतं. बडी पेटिट हा त्या काळातला शहराचा लाडका कॉर्नेटवादक. १९३१ मध्ये गेला. ख्रिस केली, ज्याच्या ब्लूजवर, म्हणजे काळ्या लोकांच्या सुखदुःखाच्या गाण्यांवर, नाचायला गरीब वस्त्यांतले लोक गर्दी करायचे. १९२९ मध्ये गेला. दोघांचा एकही सूर ध्वनिमुद्रित झालेला नाही. ऐकलेली माणसं गेली, त्यांच्याबरोबर तेही गेलं. किंग ऑलिव्हर, आर्मस्ट्राँग, जॉनी डॉड्स असे इथलेच वादक उत्तरेला शिकागोला गेले आणि त्यांच्या तबकड्या जगभर पोचल्या. लुईस गावातच राहिला. का राहिला याचं कारण शोधायची मला गरज वाटत नाही. आई होती, संसार होता, रविवारची मिरवणूक होती. घरी राहणाऱ्या माणसाला कारण विचारायची रीत आपल्याकडेही नाही.

मुंबईकर वाचकाला सांगण्यासारखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. १९३६ च्या सुमाराला लुईस बोटींतला माल उतरवत होता, तेव्हा रुडी जॅक्सन नावाचा एक क्लॅरिनेटवादक आपल्या मुंबईत ताजमहाल हॉटेलमध्ये वाजवत होता. हा माणूस किंग ऑलिव्हरच्या आणि नंतर ड्यूक एलिंग्टन या नामवंत जॅझ संगीतकाराच्या बँडमध्ये वाजवून आलेला. एलिंग्टनच्या १९२७ च्या एका गाजलेल्या रचनेची मूळ चाल त्यानेच बँडमध्ये आणली होती. पुढे ती ऑलिव्हरच्या जुन्या तबकडीतली निघाली, वाद झाला आणि जॅक्सनची जागा गेली. मग तो समुद्र ओलांडून इकडे आला. क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे त्याचे सोबती. त्या काळात ताजमध्ये आणि इतर हॉटेलांत वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांनी या मंडळींना जवळून ऐकलं. आल्दोन्याचा चिक चॉकलेट हा ट्रंपेटवादक त्यांतलाच एक. तो पुढे सी. रामचंद्रांच्या गाण्यांत आला आणि 'अलबेला'तून ते सूर आपल्या गल्लीबोळांत पोचले. न्यू ऑर्लीन्सचा वारा इतक्या लांबून, इतक्या हातांतून फिरून वरातीच्या बँडपर्यंत आलेला असणार. काकाला यातलं एकही नाव माहीत नव्हतं, पण 'अलबेला'तली गाणी त्याच्या बोटांवर होती.

लुईसकडे परत येते. १९३२ मध्ये तो लुइझियानातल्या क्रॉली या गावी इव्हान थॉमसच्या बँडमध्ये होता. त्याच बँडमध्ये बंक जॉन्सन नावाचा वयाने मोठा ट्रंपेटवादक होता. नोव्हेंबरात रेन या गावी नाचाच्या कार्यक्रमात एक माणूस सुरा घेऊन मंचावर चढला आणि त्याने वाजवत्या बँडसमोर इव्हान थॉमसचा जीव घेतला. वाद्यांची मोडतोड झाली. बँड संपला. बंकने पुढे दात पडल्यावर वाजवणंच सोडलं आणि तो मजुरीला लागला. लुईस न्यू ऑर्लीन्सला परतला. मंदीचे दिवस होते. मिळेल ते काम, मग गोदी. संध्याकाळी किंवा रविवारी मिरवणूक, अंत्ययात्रा, एखाद्या दारूच्या गुत्त्यात एका डॉलरवर वाजवणं.

अंत्ययात्रेचं तिथलं वाजवणं हा वेगळा विषय आहे, पण तो टाळून लुईस कळत नाही. दफनभूमीकडे जाताना बँड अगदी संथ चालीत भजनं वाजवतो, पावलं घसटत पडतात, ड्रमची तार सैल करून त्याचा आवाज दबका केलेला असतो. देह मातीला दिला की थोडं अंतर गप्प चालायचं, मग ड्रमवाला तार आवळतो, आणि परतीच्या वाटेवर तेच लोक नाचायला लागतात. मागून वस्तीतली पोरंसोरं छत्र्या, रुमाल नाचवत येतात, त्यांना 'सेकंड लाइन' म्हणतात. आपल्याकडे पिकलं पान गळालं की टाळ-मृदंगाच्या गजरात नेतात, त्यामुळे मला हे परकं वाटलं नाही. काकाही अशा एक-दोन अंत्ययात्रांत वाजवून आला होता, आणि त्याचे पैसे त्याने घेतले नव्हते. लुईसच्या वाजवण्यात जो कळवळा आहे तो याच रस्त्यावर तयार झाला, असं मला वाटतं. रडणाऱ्यांच्या शेजारून चालत वाजवायचं, दम टिकवायचा आणि आपण रडायचं नाही.

आता १९४२. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून काही तरुण गोरे संगीतप्रेमी जुन्या जॅझचा माग काढत न्यू ऑर्लीन्सला येत होते. त्यांना बंक जॉन्सन आधीच सापडला होता. दात नाहीत म्हणाला, तर त्यांनी कवळीची व्यवस्था केली. ती बनवली सिडनी बेशे या थोर क्लॅरिनेटवादकाच्या भावाने, लेनर्ड बेशेने. तो दातांचा डॉक्टर होता. बंकचं रेकॉर्डिंग ठरलं तेव्हा क्लॅरिनेटला जॉर्ज लुईस आला. दहा वर्षांपूर्वी रेनच्या त्या रात्री एकाच मंचावर असलेले हे दोघं पुन्हा शेजारी बसले. या मंडळींतला विल्यम रसेल हा पुढे लुईसच्या आयुष्यातला फार महत्त्वाचा माणूस ठरला. तो स्वतः व्हायोलिनवादक आणि संगीतकार होता, पण आपलं काम बाजूला ठेवून हे जुने वादक ध्वनिमुद्रित करण्यात त्याने आयुष्य घातलं. रेकॉर्डिंगचं अवजड यंत्र तो स्वतः उचलून वादकांच्या वस्तीत न्यायचा. 'अमेरिकन म्युझिक' नावाने तबकड्या काढायचा. त्याचे उपकार माझ्यासारख्यांवर आहेत. तो नसता तर लुईसही पेटिट आणि केलीच्याच वाटेने गेला असता.

आणि तरीही, सगळीकडे वाचायला मिळणारं एक वाक्य मला बोचतं. '१९४२ मध्ये जॉर्ज लुईसचा शोध लागला.' बेचाळीस वर्षांचा माणूस. पंचवीस वर्षं वाजवतो आहे. वस्तीतली कोणती अंत्ययात्रा त्याच्याशिवाय गेली नसेल, कोणत्या नाचाला कुणाच्या आईवडिलांची ओळख त्याच्या सुरांवर झाली असेल. त्या लोकांना तो सापडलेलाच होता. तो हरवला कधी होता?

माझ्या मनात हे का बसलं ते सांगते. काका एकदा, मी शाळेत असताना, एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत गेला होता. बँडमधल्या कुणीतरी शब्द टाकला होता, एका गाण्यात क्लॅरिनेटचा तुकडा हवा होता. काकाने रजा घेतली, इस्त्रीचा सदरा घातला. तिथे त्याच्यापुढे कागद ठेवला. सगळं नोटेशनमध्ये. काकाला ते वाचता येत नव्हतं. त्या क्षेत्रातले गोव्याचे वादक चर्चच्या शाळांत लहानपणापासून स्वरलिपी शिकून आलेले असायचे, त्यांचा हात त्यात बसलेला होता. काका म्हणाला, एकदा वाजवून दाखवा, मी लगेच उचलतो. त्यांच्याकडे तेवढा वेळ नव्हता. काका दुपारीच घरी आला. आल्याबरोबर त्याने पत्ती तोंडात धरली, जरा जास्तच वेळ. त्या संध्याकाळी गॅलरीत त्याने वाजवलेलं ऐकायला समोरच्या चाळीतली माणसंही कठड्याशी येऊन उभी राहिली होती.

त्या गॅलरीतल्या माणसांना काकाचा शोध लागला होता की नव्हता?

१९४४. आमच्या घरात १९४४ म्हटलं की एकच आठवण निघायची. १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या बोटीचा स्फोट झाला. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच बोटीत भरलेला. आजोबा त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होते, म्हणून वाचले. त्यांचे दोन सोबती परत आले नाहीत. आजी त्या दिवशीची गोष्ट सांगताना नेहमी आकाशातून पडणाऱ्या जळत्या कापसाचं सांगायची.

त्याच वर्षी उन्हाळ्यात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला न्यू ऑर्लीन्सच्या धक्क्यावर काम करताना जॉर्ज लुईसच्या छातीवर बोजा आला. अंगाने तो सडपातळ, वजन बेताचं. छाती चेपली जाता जाता वाचला. क्लॅरिनेटवाल्याची छाती म्हणजे गवंड्याचे हात. तो सेंट फिलिप स्ट्रीटवरच्या आपल्या घरात पडून होता. विल्यम रसेल आपलं यंत्र घेऊन तिथेच गेला. सोबत लॉरेन्स मरेरो बँजो घेऊन, आणि अल्सिड पॅव्हाजो, ज्याला सगळे 'स्लो ड्रॅग' म्हणायचे, डबल बास घेऊन. मरेरो तर त्याचा जिवाभावाचा सोबती, अनेक वर्षांचा. ट्रंपेट नाही, ट्रॉम्बोन नाही, ड्रम नाही. एका घरातल्या खोलीत तीन माणसं आणि एक यंत्र.

त्या खोलीत ध्वनिमुद्रित झालेला ब्लूज म्हणजे 'बरगंडी स्ट्रीट ब्लूज'. न्यू ऑर्लीन्सचे लोक त्या रस्त्याचं नाव उच्चारताना मधल्या 'गं'वर जोर देतात. मी तो किती वेळा ऐकला त्याची मोजदाद नाही. रचना अगदी साधी. ब्लूजचा तोच बारा तुकड्यांचा फेरा, पुन्हा पुन्हा. बँजो चार ठोके सारखे टाकत राहतो, घराच्या छपरावरून पाणी ठिबकावं तसे. लुईस वरून एक ओळ सुरू करतो, ती हळूहळू खाली उतरते, खाली आल्यावर थांबत नाही, जरा रेंगाळते. पुढच्या फेऱ्यात तीच ओळ थोडी वळवून. मग एका फेऱ्यात तो खालच्या सप्तकातच राहतो. क्लॅरिनेटचा तिथला आवाज रात्री झोपलेल्या घरात कुणी हळू बोलावं तसा. कुठेही आपलं कौशल्य दाखवण्याची घाई नाही. ट्रंपेट नसल्यामुळे चाल कुणी धरलेली नाही, आणि तरी मला दरवेळी वाटतं की तो साथच करतो आहे. समोर कुणीतरी गात आहे आणि ते फक्त त्याला ऐकू येत आहे.

हे ज्या माणसाने वाजवलं त्याला बरं झाल्यावर पुन्हा धक्क्यावरच जायचं होतं. मला हे सारखं आठवतं.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिथे प्रवासांची यादीच फार. १९४५ च्या शरदात बंक जॉन्सनचा बँड न्यू यॉर्कच्या स्टायव्हेसंट कसिनोत वाजवायला गेला. लुईस, मरेरो, स्लो ड्रॅग, ट्रॉम्बोनवर जिम रॉबिन्सन, ड्रमवर बेबी डॉड्स. लोकांनी डोक्यावर घेतलं. पण बंकचा स्वभाव तिरसट, त्याला सोबती आवडेनासे झाले. पुढच्या वर्षी तेही संपलं. १९४९ मध्ये बंक गेला. बँड लुईसभोवती उभा राहिला. तो बोरबन स्ट्रीटवर वाजवत होता त्या काळात त्या शहरातले कायदे असे होते की जिथे त्याने रात्रभर वाजवायचं तिथे त्याच्या बायकोने गिऱ्हाईक म्हणून येऊन बसायची सोय नव्हती. काळे आणि गोरे वादक एकत्र वाजवणंही कायद्याला मंजूर नव्हतं.

त्यातच केन कॉलियर नावाचा एक इंग्रज तरुण आला. त्याला लुईसच्या माणसांबरोबर वाजवायचं होतं, म्हणून तो व्यापारी बोटीवर नोकरीला लागला, अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि बसने न्यू ऑर्लीन्स गाठलं. तो लुईसच्या बँडबरोबर बसून वाजवला. मुदतीपेक्षा जास्त राहिला म्हणून महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात राहून १९५३ मध्ये इंग्लंडला परत पाठवला गेला. तिथे त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी जुन्या जॅझची जी लाट उठवली तिच्यात मॉन्टी सनशाइन, अ‍ॅकर बिल्क असे क्लॅरिनेटवादक गाजले. बिल्कची एक क्लॅरिनेटची धून १९६२ मध्ये अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेली. त्या लाटेतल्या क्लॅरिनेटवाल्यांच्या सुरामागे लुईसची सावली आहे, मला ती चटकन ओळखू येते.

१९५७ मध्ये लुईस स्वतः इंग्लंडला गेला, एकटाच, कॉलियरच्या बँडबरोबर वाजवायला. १९५९ मध्ये आपला सगळा बँड घेऊन पुन्हा गेला. त्याच वर्षी मरेरो वारला. दोघांनी मिळून किती मिरवणुका चालल्या असतील. १९६३ पासून सलग तीन वर्षं लुईस जपानला गेला, आणि तिथे जे झालं ते मला सगळ्यात भिडतं. भाषा येत नाही, मातीचा संबंध नाही, आणि ओसाकासारख्या शहरांतल्या तरुणांनी त्याचं वाजवणं सूर न् सूर ऐकून आपले बँड उभे केले. काही तर न्यू ऑर्लीन्सला जाऊन राहिले.

गावात १९६१ मध्ये सेंट पीटर स्ट्रीटवर प्रिझर्व्हेशन हॉल सुरू झाला. आधी ते चित्रांचं दुकान होतं. अ‍ॅलन आणि सँड्रा जॅफी या तरुण जोडप्याने तो चालवायला घेतला. दारू नाही, जेवण नाही, जुन्या बाकांवर आणि जमिनीवर बसायचं आणि म्हातारे वादक हातभर अंतरावर. लुईस तिथला आधारस्तंभ होता. आता वयाची साठी उलटलेली, दम कमी झालेला. शेवटच्या वर्षांतली त्याची काही रेकॉर्डिंग्ज मला ऐकवत नाहीत, खरं सांगते. सूर धरायला त्याला कष्ट पडतात हे कळतं. पण बँडमध्ये दुसऱ्याची चाल सुरू झाली की तो तसाच बाजूला होतो, आणि जागा पडली की तसाच हळूच येतो. ती सवय त्याला सोडून गेली नाही.

३१ डिसेंबर १९६८ ला तो गेला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत ब्रास बँड वाजवत त्याला पोचवायला निघाले. त्यानंतर तीन आठवडे व्हायच्या आत स्लो ड्रॅगही गेला. त्या खोलीतले तिघं संपले.

गेल्या दिवाळीत मी काकूकडे गेले होते. ती आता एक्याऐंशीची. चाळ पाडली गेली, ती मुलाकडे अकराव्या मजल्यावर राहते. गॅलरी आहे, पण तिला जाळी लावली आहे. फराळ झाल्यावर मी म्हटलं, काकू, तुला एक ऐकवायचंय, आणि मोबाइल तिच्या कानाशी धरला. काय आहे, कुणाचं आहे, काहीही सांगितलं नाही.

ती ऐकत होती. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला तिने माझं मनगट धरलं आणि मोबाइल कानाशी आणखी दाबून घेतला. चाळीस वर्षं एका माणसाच्या दमाचा हिशोब ठेवलेले तिचे कान. काका वरातीहून आल्यावर गॅलरीत दोन ओळी वाजवायचा तेवढ्यावरून ती ओळखायची, आज जेवून निघाला होता की नाही.

संपलं तेव्हा तिने मोबाइल खाली ठेवला नाही. "याच्या छातीत दुखतंय गं," ती म्हणाली. "श्वास वरच्या वर घेतोय. खाली जाऊच देत नाहीये."

मी तिला सांगितलं. गोदीत काम करायचा, छातीवर बोजा पडला होता, घरीच पडून होता तेव्हा वाजवलंय.

काकूने डोळ्याला पदर लावला. मग विचारलं, "कुठल्या गोदीत?"